फटफटी सुरू करण्याचा विधी

देहरादूनला बदली होऊन आल्यापासून हा माझा चौथा हिवाळा. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या सरकारी वसाहतीच्या आवारात जो देखावा दिसतो, तो पाहण्यासाठी मी चहाचा पेला हातात घेऊन मुद्दाम गॅलरीत उभा राहतो. धुके अजून पुरते विरलेले नसते. कानटोप्या आणि हातमोजे चढवलेली मंडळी एकेक करून खाली उतरतात, आपापल्या फटफटीवरची दवाने ओली झालेली आच्छादने ओढून काढतात, आणि चावी फिरते न फिरते तोच अंगठ्याने बटण दाबतात. इंजिनाने पहिला हुंकार देण्यापूर्वीच उजव्या मुठीची पिळवणूक सुरू होते. रात्रभर थंडीत गारठून पडलेले ते लोखंड अक्षरशः किंचाळते, आणि पुढच्याच क्षणी स्वार फाटकाबाहेर पडलेला असतो. कचेरीत हजेरी नोंदवण्याचे यंत्र कोणाची गय करीत नाही, हे मला मान्य आहे. मीही त्याच यंत्राचा बांधील आहे. तरीसुद्धा तो आवाज ऐकला की माझ्या पोटात कालवते. हा दोष माझा नव्हे, माझ्या वडिलांचा. त्यांचे संस्कार पुढे सांगणारच आहे.

फटफटी सुरू करणे ही अंगठ्याने उरकण्याची गोष्ट झाली त्याला फार काळ लोटलेला नाही. त्यापूर्वी ते एक अनुष्ठान होते, आणि त्याचा प्रत्येक उपचार कोणत्या ना कोणत्या अपघाताने, फजितीने अथवा मोडलेल्या हाडाने शिकवलेला होता. या अनुष्ठानाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

1885 साली जर्मनीतील कानस्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी सांगाड्यात इंजिन बसवून पहिली फटफटी तयार केली. तिच्या इंजिनाची शक्ती अवघी अर्ध्या घोड्याची. त्या इंजिनात ठिणगी पाडण्याची सोय नव्हती. एक बारीक नळी बाहेरून ज्योतीने लाल होईपर्यंत तापवायची आणि तिच्या उष्णतेने आतले मिश्रण पेटवायचे, अशी ती योजना. म्हणजे फटफटी सुरू करण्यापूर्वी दिवा लावावा लागे, देवघरात लावतो तसा! डाइमलरच्या मुलाने नोव्हेंबर महिन्यात तिच्यावरून कानस्टाट ते उंटरट्युर्कहाइम असा प्रवास केला, तेव्हा खोगिराखालच्या त्या तापलेल्या नळीने बैठकच पेटली, असे सांगतात.

पुढे 1894 साली म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची फटफटी विक्रीला आली. मोठ्या संख्येने तयार होऊन बाजारात आलेली ही पहिली फटफटी. तिचे इंजिन सुमारे दीड लिटरचे, म्हणजे आजच्या कित्येक मोटारींच्या इंजिनाहून मोठे. परंतु तिला क्लच नव्हता आणि गिअरही नव्हते. दट्ट्यांचे दांडे आगगाडीच्या इंजिनासारखे थेट मागच्या चाकाला जोडलेले. त्यामुळे नळी तापवून झाली की स्वाराने गाडी धरून रस्त्याने धावत सुटायचे, इंजिनाने पेट घेतला की उडी मारून वर बसायचे, आणि थांबायचे म्हणजे इंजिनच बंद करायचे. धावता धावता पाय घसरला तर गाडी एकटीच पुढे जाणार! तरुण, सडसडीत आणि थोड्या निष्काळजी पुरुषांखेरीज कोणाला हे वाहन झेपण्यासारखे नव्हते.

यानंतरची कित्येक वर्षे सायकलीसारखे पायटे हाणून इंजिन सुरू करण्याची होती. पायटे मारायचे, वेग आला की इंजिन जोडायचे. आपल्याकडे ज्यांनी 1972 साली निघालेली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना चालवली आहे, त्यांना हा प्रकार नव्याने समजावून देण्याची गरज नाही. पेन्शनीत निघालेले मास्तर पेठेतल्या चढावर लूनाचे पायटे मारीत असत, तेव्हा युरोपातील फटफटीस्वारांच्या पहिल्या पिढीचाच प्रयोग त्यांच्या हातून, म्हणजे पायांतून, होत होता.

धावणे आणि पायटे मारणे या दोन्हींतून सुटका केली ती एका लोखंडी दांड्याने. यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट या कल्पक गृहस्थाने 1908 च्या सुमारास आपल्या फटफटीला पायाने दाबण्याचा दांडा बसवला. गाडी जागच्या जागी उभी, स्वार तिच्यावर स्वस्थ, आणि एका लाथेसरशी इंजिन सुरू! ‘किक’ हा शब्द पुढे जगभर पसरला आणि मराठीत तर इतका रुळला की त्याला पर्यायी शब्द शोधण्याचे कोणाला सुचले नाही.

मात्र किक आली तरी विधी संपला नाही; उलट तो अधिक बिकट झाला. दट्ट्या शिखरावर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, तरच स्फोटाचा जोर योग्य वेळी मिळतो. परंतु किक मारताना इंजिन सावकाश फिरत असते, आणि अशा वेळी ठिणगी लवकर पडली तर स्फोट दट्ट्याला उलट ढकलतो. किकचा दांडा मग स्वाराचा पाय तसाच वर फेकतो. घोट्याचे आणि पोटरीचे हाड मोडल्याच्या कहाण्या जुन्या फटफटीस्वारांत घरोघर आहेत. हे टाळण्यासाठी मुठीजवळ एक लहान कांडी असे. सुरू करताना ती मागे घेऊन ठिणगीला उशीर करायचा आणि इंजिन चालू झाल्यावर हळूहळू पुढे सरकवायची. ठिणगी पाडण्याचे कामही तोवर भरवशाचे झाले होते. 1902 साली रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलॉब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, आणि विजेसाठी बॅटरीचे तोंड पाहण्याची गरज राहिली नाही.

दुसरी अडचण पेट्रोलची. थंड लोखंडावर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यामुळे सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल अधिक असे दाट मिश्रण द्यावे लागते. त्यासाठी चोक आणि कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची टिकलर नावाची छोटी खुंटी. ती दाबून धरली की आतला तरंगता डबा खाली जातो आणि पेट्रोल भरून वाहू लागते. बोटांना पेट्रोलचा वास लागल्याशिवाय फटफटी सुरू केली असे त्या काळी कोणी म्हणत नसे. तिसरी अडचण तेलाची. रात्रभरात सगळे तेल तळाशी उतरलेले असते, आणि इंजिन फिरू लागल्यावर वरच्या भागापर्यंत ते पोहोचायला काही क्षण जावे लागतात. तेवढ्या अवधीत इंजिनाला भरमसाट वेग दिला तर लोखंड लोखंडावर घासते. बटण आले, चोक गेला, टिकलर गेली. तेलाची ही अडचण मात्र तेवढी जशीच्या तशी राहिली आहे. आमच्या आवारातली सकाळची किंकाळी ती हीच.

बटणाची कल्पनाही आपण समजतो तितकी नवी नाही. 1912 च्या कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर बसवला, आणि दोनच वर्षांनी अमेरिकेतील इंडियन कंपनीने आपल्या ‘हेंडी स्पेशल’ फटफटीला तो दिला. 1914 साली विजेच्या बटणाची फटफटी! पण त्या काळच्या बॅटऱ्यांना हे ओझे पेलले नाही. त्या वारंवार उतरू लागल्या आणि वर्षाच्या आतच कंपनीला ती गाडी मागे घ्यावी लागली. कल्पना काळाच्या पुढे धावली म्हणजे तिची अशी फटफजिती होते. (शब्द सहज सुचला, वाचक क्षमा करतील.) पुढची चार दशके पाश्चात्य कारखानदार किकवरच विसंबून राहिले, आणि किक मारता येणे हे पौरुषाचे लक्षण मानले जाऊ लागले. त्या समजुतीला धक्का दिला जपानने. होंडाने 1958 च्या सुमारास आपल्या ‘ड्रीम’ला आणि 1960 मध्ये लहानशा ‘कब’ला बटण दिले. 1969 साली चार सिलिंडरांची सी.बी. 750 बटणासह आली, तेव्हा मोठी गाडी म्हणजे मोठी लाथ हे समीकरणच मोडले. शर्यतीच्या मैदानात मात्र जुनी रीत चिवटपणे टिकली. जागतिक ग्रांप्री शर्यतींत 1986 पर्यंत स्वार गाडी ढकलत धावत आणि सुरू होताच तिच्यावर उडी घेत.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. 1955 साली मद्रासेत एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली आणि सैन्यासाठी व पोलिसांसाठी बुलेट इकडे तयार होऊ लागली. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) पाटबंधारे खात्यात साताऱ्याकडे नोकरीला होते. कालव्याच्या कच्च्या रस्त्यांवरून हिंडावे लागे म्हणून त्यांनी 1986 साली बुलेट घेतली. सकाळी ती सुरू होताना पाहणे हे माझ्या बाळपणीचे नित्यकर्म होते. प्रथम ते गाडीभोवती एक फेरी मारीत. टायरला अंगठा लावून पाहत, खाली वाकून तेलाचा थेंब पडला आहे की काय हे बघत. मग पेट्रोलचा कॉक उघडणे. त्यानंतर गाडी पाऊलभर पुढे आणि पाऊलभर मागे ढकलणे. न्यूट्रलची खात्री ते दिव्यावर न सोपवता चाकाकडून करून घेत. चावी फिरवली की टाकीपुढच्या ॲमीटरचा काटा एका बाजूला कलंडे. किक हलक्या पायाने दाबत नेली की एका विशिष्ट जागी काटा मध्यावर येई. दट्ट्या शिखराजवळ आल्याची ती खूण. मग डाव्या हाताने डीकॉम्प्रेसरची कांडी ओढून दट्ट्या केसभर पुढे सरकवायचा, कांडी सोडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची, आणि मग एकच, सगळ्या अंगाचा भार टाकून, शेवटपर्यंत. मुठीला हात नाही! इंजिन धडधडू लागले की अण्णा खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत. चष्मा पुसून होईपर्यंत गाडी जागची हलत नसे. तो चष्मा खरोखर मळलेला असे की नाही, याविषयी आईला शंका होती. तेल वर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ चष्मा पुसायला लागतो, हे मला फार उशिरा उमगले.

इतर गाड्यांची आपापली शास्त्रे होती. म्हैसूरला 1961 पासून तयार होऊ लागलेल्या जावाचा किकचा दांडा सुरू झाल्यावर वळवला की तोच गिअरचा दांडा होई. पेट्रोलचा कॉक रात्री बंद करायला विसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी प्लग काढून पुसत बसलेला दिसे. बजाजची स्कूटर तर किक मारण्यापूर्वी आडवी करून घेण्याची प्रथा साऱ्या देशात होती. कोणी म्हणे त्याने तेल नीट मिसळते, कोणी म्हणे पेट्रोल खाली उतरते. माझ्या समजुतीप्रमाणे ती टिकलरचीच गरीब बहीण असावी. पण पाटण्यापासून पणजीपर्यंत एकही पुस्तक न वाचता लक्षावधी गृहस्थ तो कलता नमस्कार रोज सकाळी घालीत होते, एवढे खरे.

1984 साली इंदूरजवळच्या पीथमपूरहून कायनेटिक होंडा बाहेर पडली. बटण दाबा आणि निघा. गिअर नाहीत, किकची सक्ती नाही. या वाहनाने जे घडवले त्याची नोंद यंत्राच्या इतिहासापेक्षा समाजाच्या इतिहासात व्हायला हवी. साडी नेसून किक मारणे किती अवघड आहे याचा विचार तोवर कोणी फारसा केलाच नव्हता. माझी मावशी शाळेत शिक्षिका होती. पन्नाशीला दोन वर्षे कमी असताना ती स्कूटर शिकली आणि पंधरा वर्षे कोणाच्या मागे न बसता नोकरीला गेली. तेव्हा बटणाविरुद्ध माझी तक्रार नाही. किकच्या आठवणीने गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांचे पाय शाबूत असतात.

आजच्या फटफटीत मात्र आणखी एक फरक झाला आहे, आणि तो मला शिकवला तो एका बदलीने. आपल्यासारख्या माणसांची गाडी रेल्वेच्या पार्सलने फिरते. गोणपाटात गुंडाळण्यापूर्वी टाकीतले सगळे पेट्रोल काढावे लागते. देहरादूनला उतरलो, गाडी सोडवून घेतली, पंपापर्यंत ढकलत नेली, पेट्रोल भरले आणि बटण दाबू लागलो. इंजिन नुसते घरघरे. पुन्हा दाबले, पुन्हा घरघर. चौथ्या-पाचव्या वेळी तीही मंदावली. पलीकडे पंक्चर काढणारा एक म्हातारा मघापासून पाहत होता. तो उठून आला, माझा हात बाजूला करून त्याने चावी बंद केली, पुन्हा फिरवली आणि म्हणाला, “सुनिए।” बैठकीखालून एक बारीक गुणगुण ऐकू आली आणि दोन-तीन क्षणांत थांबली. असे त्याने तीनदा केले. नंतर बटणाला नुसता स्पर्श केला, आणि गाडी सुरू!

ती गुणगुण पेट्रोलच्या पंपाची. 1 एप्रिल 2020 पासून नवे प्रदूषण-नियम लागू झाले आणि आपल्याकडच्या लहानसहान फटफट्यांतूनही कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली. चावी फिरवताच विजेचा पंप नळीत दाब निर्माण करतो आणि मग स्वतःच थांबतो. रिकाम्या नळीत हा दाब यायला दोन-तीन खेपा लागतात. रोजच्या वापरात एक खेप पुरे. त्याच वेळी गाडीतला छोटा संगणक इंजिन किती थंड आहे ते पाहून पेट्रोलचे माप ठरवतो. म्हणजे चोक, टिकलर आणि ठिणगीची कांडी ही तिन्ही कामे आता तोच करतो. त्याला तेवढे दोन-तीन क्षण द्यावे आणि मूठ पिळून त्याच्या हिशेबात ढवळाढवळ करू नये, एवढीच स्वाराकडून अपेक्षा. पिवळा इंजिनाचा दिवा चावीबरोबर लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो न विझला तर गाडीला काही सांगायचे आहे असे समजावे.

न्यूट्रलमध्येसुद्धा क्लच दाबून बटण दाबणे इष्ट. थंड तेलात क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून बसतात, आणि त्या सुट्या झाल्या की स्टार्टरवरचा भार कमी होतो. बटण चार-पाच क्षणांपेक्षा अधिक काळ दाबून धरू नये. सुरू न झाल्यास थोडे थांबून बॅटरीला उसंत द्यावी. उजव्या मुठीजवळचा इंजिन बंद करण्याचा तांबडा खटका कोणा खोडकर मुलाने दाबून ठेवला नाही ना, हे आधी पाहावे. या एका खटक्यापायी आमच्या कचेरीतले एक वरिष्ठ अधिकारी अर्धा मैल गाडी ढकलत मिस्त्रीकडे गेले होते. बॅटरी पार उतरली तर नव्या गाडीला धक्का मारूनही उपयोग होत नाही, कारण पंपालाच वीज नसते. हिल्डेब्रांडच्या काळातला तो शेवटचा उपायही आता आपल्या हातून गेला आहे.

सुरू झाल्यावर किती थांबावे, यावर पुष्कळ वाद घालतात. माझे मत असे, की अर्धा-पाऊण मिनिट पुरे. मग पहिले एक-दोन मैल हलक्या हाताने चालवावी. दहा-दहा मिनिटे जागच्या जागी धडधडत ठेवण्यानेही हित होत नाही. थंड सिलिंडरात न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि ते पातळ होते. आणि इकडच्या थंडीत कित्येकजण गाडी बंद पडवीत ठेवतात, तिथेच दार लावून सुरू करतात. हे मात्र कोणी कधीही करू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला गुंगी येते ती कशाने, हे कळण्याआधीच तो पडतो.

स्टँडचे राहिले. 1997 सालची गोष्ट. माझा मामा घाईत होता. गाडी सुरू केली, बाजूचा स्टँड काढायचे विसरला आणि कोरेगाव रस्त्याला लागला. सरळ रस्त्यावर काही जाणवले नाही. पहिल्या डाव्या वळणाला गाडी कलली, लोंबता स्टँड डांबरात रुतला आणि मामा रस्त्यापलीकडच्या दगडांवर फेकला गेला. खुब्याचे हाड जोडले गेले, पण पाय कायमचा आखूड झाला. पुढे कित्येक वर्षे त्याला मांडी घालून पंगतीला बसता आले नाही. घरात लग्नकार्य असले की भिंतीशी त्याच्यासाठी वेगळी खुर्ची मांडलेली असे, आणि ती खुर्ची पाहिली की अण्णा नजर दुसरीकडे वळवीत. त्या दिवसापासून त्यांच्या विधीत एका उपचाराची भर पडली. निघण्यापूर्वी डाव्या टाचेने स्टँड वर आहे की नाही हे दोनदा चाचपणे. आजच्या अनेक गाड्यांना स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद पाडणारी कळ असते. चिखल बसून ती बिघडली की लोक दुरुस्त करण्याऐवजी मिस्त्रीला सांगून तिची तारच जोडून टाकतात, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

2023 साली बुलेटची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिची किक गेली. अण्णांनी ते वर्तमान वर्तमानपत्रात वाचले आणि फोनवर फक्त “बरं” म्हणाले. त्यांची स्वतःची बुलेट गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर विकावी लागली होती.

गेल्या डिसेंबरात ते आणि आई देहरादूनला महिनाभर राहून गेले. एके सकाळी मी आंघोळीला गेलो असताना माझ्या गाडीची चावी घेऊन ते खाली उतरले. गॅलरीतून पाहिले तर ते तिच्यावर बसलेले, आणि त्यांचा उजवा पाय हवेत किकचा दांडा शोधीत होता. दांडा नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी पाय खाली घेतला, गाडी पाऊलभर पुढे-मागे करून पाहिली, डाव्या टाचेने स्टँड दोनदा चाचपला आणि चावी फिरवली. पंप गुणगुणू लागला.

“अरे, हे काय वाजतंय?” त्यांनी वर पाहून विचारले.

“पेट्रोलचा पंप आहे, अण्णा. तो थांबेपर्यंत थांबायचं.”

त्यांनी मान हलवली. आवाज थांबला, तसे त्यांनी क्लच ओढला आणि बटण दाबले. गाडी सुरू झाली. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सावकाश चष्मा पुसायला लागले.